बर्फाच्या देशातला पाहुणा : क्नुड रासमुसन
(द्वितीय वर्ष, कला)

उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातले एक चित्र! बर्फाचे घुमटाकार घर, कातड्याचा अंगरखा घातलेला माणूस, कुत्र्यांनी ओढायची स्लेजगाडी आणि खाली 'एस्किमो' एवढा एकच शब्द. त्या माणसाला स्वतःचे नाव असेल, त्याच्या घरात एखादी म्हातारी असेल आणि ती रात्री नातवंडांना गोष्टी सांगत असेल, हा विचार निदान माझ्या मनात तरी कधी आला नाही. वास्तविक ग्रीनलंडपासून कॅनडाच्या उत्तरेपर्यंतचे हे लोक स्वतःला 'इनुइट' म्हणवतात आणि त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'माणसे' असा साधा आहे.

या माणसांच्या दारात जो पाहुणा म्हणून गेला, त्या क्नुड रासमुसनविषयी मी लिहिणार आहे. त्याला एक घरगुती कारण आहे. आमची वाडी तेवीस उंबऱ्यांची. मी दहावीत असताना शहरातून एक मंडळी जीपने 'ग्रामीण जीवन' पाहायला आली. ती चपला-बुटांसकट थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरली. चुलीपुढे बसलेल्या आजीचे फोटो झाले. एकाने भाकरीचा तुकडा मोडून चाखला आणि उरलेला तसाच ठेवला. सगळे निघून गेल्यावर आजीने ती जागा पुन्हा सारवली. तिचे म्हणणे एवढेच होते, की ही माणसे कोणाची, कुठली, ते काही कळले नाही. कारण कोणीच आपले नाव सांगितले नव्हते. पुढे मी कॉलेजात आले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. श्रमसंस्कार शिबिरात आमच्या गटाला एका पाड्यावर पाहणीचे काम मिळाले. मी एका बाईला वय, मुले, जमीन, उत्पन्न असे भराभर विचारले, लिहून घेतले आणि पुढच्या घराकडे वळले. रात्री लक्षात आले, की मीही माझे नाव सांगितले नव्हते. त्यानंतर ग्रंथालयात रासमुसनची हकीकत हाती पडली आणि ती मी निराळ्या डोळ्यांनी वाचली.

क्नुड रासमुसनचा जन्म ७ जून १८७९ रोजी ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर याकोब्सहाव्न या गावी झाला. त्या गावाला आज इलुलिसात म्हणतात. वडील डॅनिश पाद्री होते. आईच्या घराण्यात इनुइट रक्त होते. ग्रीनलंड तेव्हा डेन्मार्कची वसाहत होते. घरात डॅनिश आणि अंगणात ग्रीनलंडची भाषा अशा दोन भाषांत हा मुलगा वाढला. त्याचे खेळगडी शिकाऱ्यांची मुले होती. कुत्री जुंपणे, गाडी हाकणे, बर्फाचा अंदाज घेणे हे तो अक्षरांबरोबरच शिकला. एका म्हातारीकडून त्याने फार दूर उत्तरेला राहणाऱ्या लोकांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्या लोकांना भेटायचे हे त्याच्या मनाने तेव्हाच घेतले.

१८९१ साली, बारा वर्षांचा असताना, त्याला शिक्षणासाठी डेन्मार्कला नेण्यात आले. तिथल्या शाळेत तो फारसा चमकला नाही. पुढे त्याने नट होण्याचा प्रयत्न केला, गायक होण्याचाही केला. दोन्ही फसले! आपल्यापैकी ज्यांना आपली वाट अजून सापडलेली नाही, त्यांनी एवढ्यावरून धीर धरायला हरकत नाही.

वाट सापडली ती १९०२ साली. लेखक लुडविग मिलियस-एरिक्सन याने ग्रीनलंडची 'साहित्यिक मोहीम' काढली. तिच्यात चित्रकार हाराल्ड मोल्टके, ग्रीनलंडचाच यॉर्गन ब्रुनलुंड आणि तेवीस वर्षांचा रासमुसन होते. नवी भूमी शोधून तिच्यावर झेंडा लावणे हा या मोहिमेचा हेतू नव्हता. लोकांचे जीवन आणि त्यांच्या कथा समजून घेणे हा होता. १९०३ साली मेलव्हिल उपसागराचे गोठलेले पाणी ओलांडून ते लहानपणी ऐकलेल्या त्या उत्तरेच्या लोकांपर्यंत पोचले. वाटेत मोल्टके अतिशय आजारी पडला होता. त्याला गाडीवर बांधून आणावे लागले. हे पाहुणे तिथे पोचले ते काही देण्याच्या स्थितीत नव्हते. उलट, त्यांना जगवले ते तिथल्या लोकांनी. रासमुसनच्या पुढच्या आयुष्याचा पाया इथे आहे असे मला वाटते. ज्याने परक्याच्या घरचे अन्न गरज म्हणून खाल्ले आहे, तो त्या घराला सहसा नावे ठेवत नाही.

हे लोक संख्येने जेमतेम दोनशेच्या आसपास होते. यापूर्वी त्यांच्याकडे पाहुणे आले नव्हते असे नाही. १८१८ साली ब्रिटिश कप्तान जॉन रॉस येऊन गेला. १८९१ पासून अमेरिकेचा रॉबर्ट पीअरी वारंवार येऊ लागला. या लोकांजवळ आकाशातून पडलेल्या लोखंडाचे मोठे दगड होते. त्यांचे तुकडे ठोकून ते पिढ्यान् पिढ्या सुऱ्यांची आणि भाल्यांची पाती करीत. पीअरीने ते उल्कापाषाण जहाजावर चढवले. सर्वांत मोठा सुमारे ३१ टनांचा होता, तो त्याने १८९७ साली नेला. आज तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्याच वर्षी त्याने सहा इनुइट माणसेही न्यूयॉर्कला नेली. त्यांतली चार थोड्याच काळात क्षयाने मेली. त्यांत किसुक नावाचा शिकारी होता आणि त्याचा लहान मुलगा मिनिक मागे उरला. मुलाच्या समाधानासाठी बापाचा खोटाच दफनविधी करण्यात आला आणि हाडे संग्रहालयात ठेवण्यात आली. मिनिकला हे पुढे कळले, तेव्हा त्याने ती परत मागितली. ती मिळाली नाहीत. चौघांचे अवशेष मायभूमीच्या मातीत गेले ते १९९३ साली, मिनिकच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी.

पीअरीने आणखी एक गोष्ट केली होती. शिकारीच्या आणि कातड्यांच्या बदल्यात त्याने या लोकांना बंदुकांची सवय लावली. १९०९ नंतर त्याचे येणे थांबले आणि बंदुकांना दारूगोळा मिळेना. जुनी हत्यारे मागे पडली होती. अशा वेळी १९१० साली रासमुसनने पीटर फ्रॉयकेन या मित्राबरोबर तिथे व्यापाराचे ठाणे उघडले. त्याला नाव दिले 'थुले'. प्राचीन युरोपीय लोक जगाच्या शेवटच्या टोकाला थुले म्हणत. शिकाऱ्यांनी कोल्ह्यांची कातडी आणावी आणि बंदुका, गोळ्या, सुऱ्या, लाकूड, भांडी न्यावीत, असा व्यवहार होता. त्यातून जो नफा होई, त्यावर रासमुसनच्या मोहिमा चालत. म्हणूनच त्या सातही मोहिमांना 'थुले मोहीम' असे नाव आहे.

या मोहिमा म्हणजे सहल नव्हती. १९१६ ते १९१८ च्या दुसऱ्या मोहिमेत स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थोरिल्ड वुल्फ आणि ग्रीनलंडचा हेन्ड्रिक ओल्सन हे दोघे परत आले नाहीत. प्रमुख म्हणून रासमुसनच्या खाती हेही जमा आहे.

सर्वांत मोठी ती पाचवी मोहीम, १९२१ ते १९२४ ची. कॅनडाच्या उत्तरेकडील सर्व इनुइट वस्त्यांना भेटून या लोकांचे मूळ, भाषा, कथा आणि धर्म यांचा अभ्यास करायचा होता. बरोबर डॅनिश शास्त्रज्ञ होते आणि थुलेची इनुइट माणसेही होती. प्रारंभीच इन्फ्लुएंझाने गाठले. फ्रॉयकेनची इनुइट पत्नी नवराना उपरनाविकला वारली. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून पाद्र्याने रीतसर दफनाला नकार दिला आणि फ्रॉयकेनने तिला स्वतःच पुरले. नूक येथे इग्गियांगुआक हा शिकारी गेला. त्याची तरुण विधवा आर्नारुलुंगुआक हिने परत न फिरता पुढे जायचे ठरवले.

या बाईविषयी थोडे लिहिलेच पाहिजे, कारण मोहिमेच्या हकिकतींत पुरुषांची नावे पुढे असतात. ध्रुवाकडच्या थंडीत माणूस जगतो तो कपड्यांवर. कॅरिबू हरणाचे कातडे मऊ करणे, ते बेतणे, पाणी आत शिरणार नाही असे शिवणे, रोजच्या प्रवासात फाटलेले रोज रात्री सांधणे, दिव्यावर पायमोजे वाळवणे ही सगळी कामे बायकांची होती. एक टाका उसवला तर बोट गळून पडावे, अशी ती थंडी! याच मोहिमेतल्या हिमदंशामुळे फ्रॉयकेनने पाय गमावला. रासमुसनच्या मोठ्या प्रवासात आर्नारुलुंगुआकची सुई नसती, तर त्याची वहीही पुढे गेली नसती.

आता तो लोकांकडे जाई कसा, ते पाहू. तो त्यांच्यासारखाच कातडी पांघरून, कुत्र्यांच्या गाडीवर येई. जहाजातून उतरून तंबूत वेगळा राहणारा तो साहेब नव्हता. वस्तीवर आल्यावर तो त्यांच्याच भाषेत बोले. ग्रीनलंडची बोली आणि कॅनडाची बोली यांत फरक होता, पण तो आपल्याकडच्या दोन जिल्ह्यांच्या बोलींसारखा कानांना सवय झाली की ओलांडता येण्याजोगा होता. पानात येईल ते तो खाई, मग ते कच्चे असो वा आंबवलेले. शिकारीला बरोबर जाई. घाई करीत नसे. आणि मुख्य म्हणजे आधी स्वतःच्या गोष्टी सांगे. ग्रीनलंडच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली एखादी कथा त्याने सुरू केली, की ऐकणाऱ्यांना ती ओळखीची वाटे. मग आमच्याकडे ती अशी सांगतात, म्हणून त्यांच्यातले कोणी पुढे सरसावे.

१९२२ च्या आरंभी इग्लुलिकच्या बाजूला आवा नावाच्या मांत्रिकाशी त्याची गाठ पडली. एकमेकांना जोडलेल्या बर्फाच्या घरांत आवाचा मोठा गोतावळा राहत होता. आवा आणि त्याची बायको ओरुलो यांच्याजवळ रासमुसन दिवसचे दिवस बसला. ओरुलोने त्याला आपली सबंध जीवनकथा सांगितली. बाहेरच्या माणसाला त्यांचे शेकडो निषेध आणि पथ्ये वेडेपणा वाटावा. कोणत्या दिवशी शिवायचे नाही, कोणते मांस कोणत्या मांसाबरोबर शिजवायचे नाही, याला अंत नव्हता. परंतु वादळ आले की शिकार बंद आणि शिकार बंद झाली की मुले उपाशी, अशा जगात ती पथ्ये भुकेच्या आणि मरणाच्या धास्तीतून आली आहेत, हे आवाने त्याला दाखवून दिले. रासमुसन पाद्र्याचा मुलगा होता. तरी त्याने उपदेश केला नाही, की हसलाही नाही. त्याने ऐकले आणि लिहिले. पुढे थोड्याच काळात आवा ख्रिस्ती झाला. अगदी शेवटच्या क्षणी रासमुसन तिथे होता म्हणून ते जग कागदावर उरले.

मार्च १९२३ मध्ये तो मोठ्या प्रवासाला निघाला. बरोबर दोनच माणसे होती, आर्नारुलुंगुआक आणि तिचा नातेवाईक, तरुण शिकारी कावीगार्सुआक. वाटेत त्यांना १८४५ साली निघालेल्या जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेतल्या खलाशांची हाडे सापडली. त्या मोहिमेत १२९ माणसे दोन भक्कम जहाजे घेऊन आली होती आणि सगळी मेली. ज्या भागात इनुइट कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जगत आली, त्याच भागात! एवढ्या मोठ्या जमावाला पुरेल इतकी शिकार तिथे नव्हती, हे खरे. पण तिथल्या माणसांकडून कसे जगावे हे शिकण्याची त्यांची तयारीही नव्हती. रासमुसनने ती हाडे गोळा करून पुरली आणि त्यांना मानवंदना दिली.

याच भागात नेत्सिलिक लोकांमध्ये त्याने जे केले, ते मात्र मला खटकते. हे लोक अंगावर ताईत बाळगत. लहान मुलांच्या कपड्यांवरही ते शिवलेले असत. रासमुसनला ते संग्रहालयासाठी हवे होते. लोक द्यायला कचरत होते. तेव्हा ताईत हातचा गेला तरी त्याची शक्ती मूळ मालकाजवळच राहते, असा युक्तिवाद करून त्याने ते सुया, चाकू अशा वस्तूंच्या बदल्यात मिळवले. त्याने जबरदस्ती केली नाही, चोरीही केली नाही. पण तो त्यांच्या श्रद्धेत इतका मुरला होता, की त्याच श्रद्धेचा उपयोग त्याला वस्तू मिळवण्यासाठी करता आला. विश्वासाने घरात घेतलेल्या पाहुण्याने कुठे थांबावे? या प्रश्नाचे उत्तर रासमुसनजवळही पूर्णपणे नव्हते, असे म्हणावे लागते.

सोळा महिन्यांच्या प्रवासानंतर, १९२४ साली, ते तिघे अलास्काला पोचले. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत हजारो मैलांच्या किनाऱ्यावर विखुरलेल्या या लोकांच्या भाषेचे मूळ एक, कित्येक कथा एकच, हे रासमुसनने प्रत्यक्ष ऐकून सिद्ध केले. त्याला बेरिंगच्या पलीकडे सायबेरियातल्या याच वंशाच्या लोकांनाही भेटायचे होते. तो होडीने तिकडे गेला. पण त्याच्याजवळ परवाना नव्हता. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला लगेच परत पाठवले. ज्याच्यासाठी सबंध उत्तरेची दारे उघडली, त्याला शेवटच्या दारावरून माघारी यावे लागले!

या मोहिमेचा अहवाल १० खंडांत निघाला आणि त्याला १९२७ ते १९५२ एवढा काळ लागला. आज कॅनडातील इनुइट तरुणांना आपल्या पणज्यांच्या समजुती आणि गोष्टी शोधायच्या असल्या, तर त्यांनाही हे खंड उघडावे लागतात. १९२९ साली थुलेच्या कारभाराचे नियम ठरले. शिकारीचे प्राणी संपू नयेत यासाठी बंधने आली आणि निर्णय घेणाऱ्या मंडळात शिकाऱ्यांना जागा मिळाली. त्या काळातल्या वसाहतीत ही लहान गोष्ट नव्हती. तरीही, ठाण्यामुळे लोक कोल्ह्याच्या कातड्याच्या बाजारभावावर अवलंबून राहू लागले, हेही विसरता येत नाही. चांगल्या पाहुण्यानेही घर बदलतेच.

१९३३ साली, सातव्या थुले मोहिमेत, तो पूर्व ग्रीनलंडमध्ये होता. तिथल्या लोकांनाच घेऊन, त्यांच्याच भाषेत 'पालोचे लग्न' हा चित्रपट तयार करण्याचे काम चालू होते. तिथे त्याला अन्नातून विषबाधा झाली आणि त्यात न्यूमोनिया झाला. २१ डिसेंबर १९३३ रोजी कोपनहेगनजवळ त्याचे निधन झाले. वय अवघे चोपन्न. आर्नारुलुंगुआकही त्याच वर्षी गेली.

त्यानंतर थुलेला आणखी एक पाहुणा आला, आणि तो न विचारता आला. अमेरिकेचा हवाई तळ तिथे बांधण्यात आला आणि १९५३ साली तिथल्या इनुइट कुटुंबांना थोड्या दिवसांच्या मुदतीत घरे सोडून शंभरावर किलोमीटर उत्तरेला कानाक येथे जावे लागले. डेन्मार्कच्या सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती १९९९ साली. त्या तळाला २०२३ पासून पुन्हा स्थानिक नाव मिळाले आहे, पिटुफिक.

आता उत्तरेला प्रवासी जहाजे जातात. २०१६ साली 'क्रिस्टल सेरेनिटी' हे जहाज सुमारे हजार प्रवासी घेऊन उलुखाक्तोक या कॅनडातील गावी गेले. गावाची वस्ती जेमतेम चारशे! आगाऊ ठरवून, लहान लहान गटांनी प्रवासी उतरवण्यात आले. त्या गावात सगळ्यांना रासमुसनसारखे वर्षभर राहता येणार नाही, भाषा शिकता येणार नाही. पण विचारून जाणे, नाव सांगणे, दिले ते नीट घेणे, फोटोआधी माणसाकडे पाहणे आणि नको म्हटले तर मागे फिरणे, एवढे कोणत्याही प्रवाशाला जमण्यासारखे आहे. त्यासाठी ध्रुवावरच जायला हवे असेही नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी त्या पाड्यावरच्या बाईकडे पुन्हा गेले. वही पिशवीतच ठेवली. मी कोणाची, कुठली, आमच्याकडे काय पिकते, ते आधी सांगितले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी ओट्यावर बसून पाणी प्याले. मग ती आपण होऊन बोलू लागली. पहिल्या दिवशी तिने मुले तीन सांगितली होती, आणि मी तीन लिहिले होते. वास्तविक तिला चार झाली होती. त्या चौथ्याविषयी ती बराच वेळ बोलली. ते मी कुठेही लिहिलेले नाही.